दूरचित्रवाणीचा एक वार्ताहर

मधल्या सुट्टीनंतरचा तास हा शिक्षकाच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणारा तास असतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका तासाला मी आठवीच्या वर्गात शिरले, तेव्हा एक मुलगा बाकावर उभा राहून, हातातील पट्टी ध्वनिक्षेपकासारखी तोंडासमोर धरून, मोठ्या आवाजात बातम्या सांगत होता. बाहेर पाऊस कोसळत होता. "खाडीवरचा पूल खचला आहे, आणि ही बातमी सर्वांत आधी आम्ही तुम्हांला दाखवीत आहोत!" असे तो ओरडला आणि सारा वर्ग हसला. खिडकीजवळची एक मुलगी मात्र रडू लागली. तिचे वडील रोज त्याच पुलावरून सायकलने यंत्रमागाच्या कारखान्यात जातात.

"तुला हे कोणी सांगितले?" मी त्या मुलाला विचारले.

"सगळेच सांगत होते, बाई."

पुलाला काहीही झाले नव्हते. तिचे वडील संध्याकाळी नेहमीच्या वेळी घरी आले. परंतु मधले चार तास त्या मुलीने कसे काढले असतील याची कल्पना त्या मुलाला नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याच्या घरी दिवसभर जी वाहिनी चालू असते तिचाच आवाज त्याने हुबेहूब उचलला होता. मोठेपणी त्याला दूरचित्रवाणीचा वार्ताहर व्हावयाचे आहे. त्या दिवसापासून या पेशाविषयी त्याच्याशी काय बोलावे हा विचार माझ्या मनात घोळत राहिला, आणि त्या निमित्ताने या पेशातील एका प्रसिद्ध माणसाचे जीवन मी थोडे बारकाईने पाहिले. ते गृहस्थ म्हणजे राजदीप सरदेसाई. आज, श्रोतेहो, मी आपल्याशी त्यांच्याविषयी बोलणार आहे. ते निर्दोष आहेत म्हणून त्यांची निवड केली असे मात्र कृपा करून समजू नका.

प्रथम आमच्या सुरतेची एक आठवण सांगणे अवश्य आहे, कारण माझ्या पिढीच्या सुरतकरांना बातमी आणि अफवा यांतील अंतर कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. ते १९९४ च्या सप्टेंबर महिन्याने शिकविले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. गणेशविसर्जन नुकतेच झाले होते. वेड रोडच्या बाजूला माणसे तापाने आणि खोकल्याने पटापट मरत आहेत अशी कुजबुज एका रात्रीत शहरभर पसरली. कोणी म्हणाले, पाण्यात विष कालवले आहे. मग 'प्लेग' हा शब्द आला आणि त्या शब्दाने जे केले ते रोगाने केले नसते. लाखो माणसे शहर सोडून निघाली. स्टेशनावर पाय ठेवावयास जागा नव्हती, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या होत्या, आणि आमच्या चाळीतील खानदेशाकडची निम्मी बिऱ्हाडे कुलपे लावून नंदुरबार-धुळ्याच्या गाड्यांना लोंबकळत गेली. मृतांचा आकडा कोणी शेकड्यांनी सांगे, कोणी हजारांनी. सरकारी मोजणीत तो शेवटी साठाच्या आत राहिला. तो रोग प्लेगच होता की काय, यावरही पुढे तज्ज्ञांमध्ये कित्येक वर्षे वाद चालला.

त्या दिवसांत आमच्या घरी कृष्णधवल दूरचित्रवाणी संच होता. रात्रीच्या बातम्यांना शेजारपाजारची जी काही माणसे उरली होती ती आमच्याकडे येऊन बसत. निवेदकाचा आवाज शांत होता, भाषा स्वच्छ होती आणि परिस्थिती आटोक्यात असल्याचे त्यात सांगितले जात होते. ते बहुतांशी खरेही होते. पण कोणी विश्वास ठेवीना! "ते सरकारचे आहे, ते असेच सांगणार," असे माझे वडील म्हणत, आणि खाली रस्त्यावर उभा असलेला कोणीही अनोळखी माणूस जे सांगेल ते मात्र खरे मानीत. वडील अडाणी नव्हते. परंतु वेड रोडवर जाऊन, रुग्णालयाच्या दारात उभे राहून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगणारा माणूस त्यांना पडद्यावर दिसत नव्हता. दिसत होता तो लिहून दिलेले वाचणारा.

हे मी निवेदकांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि तेथून मराठी बातम्या देणाऱ्यांची परंपरा फार मोठी आहे. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे ही नावे घेतली की आजही महाराष्ट्रातील पन्नाशीपुढच्या माणसांचे चेहरे उजळतात. स्मिता पाटील चित्रपटांत जाण्यापूर्वी तेथेच बातम्या वाचीत असत. उच्चार कसा करावा, शोकवार्ता कोणत्या सुरात सांगावी, याचा जणू वस्तुपाठच या मंडळींनी घालून दिला. परंतु वृत्तनिवेदक वेगळा आणि वार्ताहर वेगळा. निवेदकाच्या हाती बातमी तयार होऊन येते. वार्ताहराला ती शोधावी लागते आणि तिच्या खरेखोटेपणाची जोखीम त्याच्या एकट्याच्या माथी असते. आपल्या देशात हा दुसरा मनुष्य पडद्यावर यावयास १९९० नंतरची वर्षे उजाडावी लागली. आणि योगायोग असा, की ज्या १९९४ साली आम्ही सुरतेत दारे लावून बसलो होतो, त्याच वर्षी सरदेसाई वर्तमानपत्र सोडून दूरचित्रवाणीच्या व्यवसायात शिरले.

त्यांचा जन्म २४ मे १९६५ चा, आणि तोही गुजरातेतला, अहमदाबादचा. घराणे गोव्याचे. वडील दिलीप सरदेसाई यांचे नाव क्रिकेटप्रेमी श्रोत्यांना सांगावयास नको. मडगावी जन्मलेला हा फलंदाज १९६१ च्या डिसेंबरात कानपूरला इंग्लंडविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला, आणि त्याच महिन्यात गोवा मुक्त झाला. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी ६४२ धावा काढल्या, किंग्स्टनला २१२ धावांची खेळी केली आणि ती मालिका भारताने जिंकली. गोव्यात जन्मून भारताकडून कसोटी खेळलेला दुसरा खेळाडू अद्याप झालेला नाही. आई नंदिनी सरदेसाई मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवीत. म्हणजे मुलाला घरातच मैदान आणि ग्रंथालय दोन्ही लाभले. त्याने दोन्हीकडे हात घालून पाहिला. सेंट झेवियर्समधून अर्थशास्त्र घेऊन तो ऑक्सफर्डला कायदा शिकावयास गेला आणि तेथे विद्यापीठाच्या संघातून काही प्रथम दर्जाचे सामनेही खेळला. वडिलांच्या उंचीला आपण पोहोचणार नाही हे त्याने वेळीच ओळखले. थोर बापाच्या मुलाने हे ओळखणे ही लहान गोष्ट नव्हे! कित्येकांचे अर्धे आयुष्य त्यातच जाते.

१९८८ मध्ये ते मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त रुजू झाले. सहा वर्षे तेथे काढली, तरुण वयातच नगर-संपादक झाले, आणि १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींचे वार्तांकन केले. छापील वर्तमानपत्राची शिस्त कशी असते पाहा. बातमी संध्याकाळी लिहावयाची, उपसंपादक तिच्यावर पेन्सिल चालविणार, रात्री कोणी तरी पुन्हा वाचणार, आणि ती सकाळी लोकांच्या हाती पडणार. मधल्या बारा तासांत चूक पकडली जाण्याच्या चार संधी असत. दूरचित्रवाणीने हे बारा तास हळूहळू खाल्ले. १९९५ साली दूरदर्शनवर एनडीटीव्हीचे 'द न्यूज टुनाइट' आणि वीस मिनिटांचे हिंदी 'आज तक' ही खासगी संस्थांनी तयार केलेली दैनंदिन बातमीपत्रे सुरू झाली, तेव्हा निदान दिवसाची मुदत शिल्लक होती. १९९८ साली स्टार न्यूज ही चोवीस तासांची वाहिनी आली आणि मुदत संपली. तिच्यासाठी बातम्या एनडीटीव्हीच तयार करीत असे, आणि सरदेसाई तिच्या प्रमुख चेहऱ्यांपैकी एक झाले. आता घटना घडत असतानाच ती सांगावयाची होती.

या बदलाचा खरा कस लागला तो आमच्याच राज्यात. २७ फेब्रुवारी २००२ रोजी गोध्रा येथे साबरमती एक्सप्रेसच्या डब्यात ५९ माणसे जळून मेली आणि त्यानंतर गुजरातेत दंगली उसळल्या. सरदेसाई आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. जळणारी घरे, निर्वासितांच्या छावण्या, रडणाऱ्या बाया हे सारे देशाने प्रथमच घरबसल्या पाहिले. येथे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. आपल्या वृत्तपत्रांचा दंडक असा, की दंगलीत धर्माचे नाव घ्यावयाचे नाही. 'एका समाजाच्या जमावाने' एवढेच म्हणावयाचे. पण ज्याचे घर जळते आहे तो माणूस पडद्यावर स्वतःचे नाव सांगत असता निवेदकाने 'एक समाज' म्हणावे काय? सरदेसाई यांच्या वाहिनीने नाव घेतले. त्यावर मोठा वाद झाला. एडिटर्स गिल्डने तिघांची समिती पाठविली, बी. जी. व्हर्गीस आणि आकार पटेल यांच्यासमवेत आपले दिलीप पाडगावकर तीत होते, आणि तिच्या अहवालातही या प्रश्नाचा ऊहापोह आहे. सरदेसाई यांनी आपली बाजू पुढे एका निबंधात मांडली. गुजरातेत त्यांना तेव्हापासून जे टीकाकार मिळाले ते आजतागायत टिकून आहेत. ते एका बाजूचेच दाखवितात, असे या टीकाकारांचे म्हणणे. दाखविले नसते तर ते घडलेच नाही असे लोक म्हणाले असते, हे त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे. मला स्वतःला, मिश्र वस्तीत राहणाऱ्या बाईला, हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. १९९४ चा अनुभव मला सांगतो, की झाकून ठेवलेल्या बातमीची अफवा होते. शेजाऱ्याचे नाव पडद्यावर आले की जिन्यावर भेटणाऱ्या माणसांचे डोळे कसे बदलतात, हेही मी पाहिले आहे.

२००५ मध्ये त्यांनी एनडीटीव्ही सोडली आणि वर्षअखेर सीएनएन-आयबीएन ही नवी वाहिनी सुरू केली. तिच्या पहिल्याच पावसाळ्यात, म्हणजे २००६ च्या ऑगस्टमध्ये, तापीला पूर आला. उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. सर्व वाहिन्यांचे प्रतिनिधी धावून आले असे म्हणतात. 'असे म्हणतात' असे म्हणावयाचे कारण आम्ही काहीच पाहिले नाही! वीज नव्हती. आम्ही चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर अकरा बिऱ्हाडे मिळून बसलो होतो आणि वसईला माझी आत्या आमचे शहर बुडताना रात्रंदिवस पाहत होती. पुढे चार दिवसांनी फोन लागला तेव्हा तिला रडू आवरेना. तिने पाहिलेले चित्र खरे होते, पण ते एकाच चौकाचे होते आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा दाखविले जात होते. तिला वाटले, पाणी सारखे वाढतेच आहे. आमच्या मजल्यावर तर तेव्हा खिचडी शिजत होती. संकटात सापडलेल्या माणसाला बातमी मिळत नाही आणि दूर असलेल्याला ती नको इतकी मिळते, ही या माध्यमाची एक विचित्र गोष्ट आहे.

सरदेसाई यांच्या आयुष्यातील दोन प्रसंग मला या संदर्भात महत्त्वाचे वाटतात. २००८ साल त्यांना भाग्याचे होते. पद्मश्री मिळाली, एप्रिलमध्ये त्यांच्या संस्थेने लोकमत समूहाबरोबर आयबीएन-लोकमत ही मराठी वाहिनी काढली व निखिल वागळे तिचे संपादक झाले. त्याच वर्षी २२ जुलैला लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर मतदान होते. चर्चा चालू असता भारतीय जनता पक्षाचे तीन खासदार नोटांची पुडकी घेऊन सभागृहाच्या मध्यभागी आले. हा एक कोटी रुपयांचा ऐवज आपली मते फिरविण्यासाठी देण्यात आला, असा त्यांचा आरोप होता; आणि या देण्याघेण्याचे छुपे चित्रण सीएनएन-आयबीएनच्या माणसांनी केलेले होते. म्हणजे त्या दिवशी देशातील सर्वांत मोठी बातमी सरदेसाई यांच्या कपाटात होती. त्यांनी ती दाखविली नाही. पडताळणी पुरी झालेली नाही, असे सांगून चित्रफीत लोकसभेच्या अध्यक्षांकडे दिली आणि ती प्रक्षेपित केली ऑगस्टमध्ये. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. दबावाला बळी पडले, डरपोक ठरले, वाटेल ते बोलले गेले. त्यांचा तो निर्णय बरोबर होता की नाही यावर अजून दुमत आहे. पण हातातली बातमी दाबून धरण्यास, मग कारण काहीही असो, छातीची तयारी लागते. सलामीच्या फलंदाजाचा मुलगाच तो! उजव्या यष्टीबाहेरचा चेंडू सोडून देणे हाही खेळाचाच भाग आहे, हे त्याने लहानपणी पाहिले असणार.

दुसरा प्रसंग बरोबर उलटा आहे. २०१४ मध्ये रिलायन्सने त्यांच्या वाहिनीची मालक कंपनी ताब्यात घेण्याचे जाहीर केल्यावर ते व त्यांच्या पत्नी सागरिका घोष, ज्या स्वतःही नामवंत पत्रकार होत्या, दोघेही तेथून बाहेर पडले, आणि सरदेसाई इंडिया टुडे समूहात गेले. २६ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीत शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्चात एक तरुण शेतकरी मरण पावला. तो पोलिसांच्या गोळीबारात मेला, असे सरदेसाई यांनी ट्विटरवर लिहिले. पोलिसांनी प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत ट्रॅक्टर अडथळ्यावर आदळून उलटताना दिसला. मृताच्या कुटुंबीयांनी गोळीचा संशय सोडला नाही, परंतु वार्ताहरापाशी त्या क्षणी पुरावा नव्हता हे खरे. त्यांनी मजकूर मागे घेतला. त्यांच्या संस्थेने त्यांना दोन आठवडे पडद्यावरून दूर केले आणि एका महिन्याचा पगार कापल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. अनेक राज्यांत त्यांच्यावर आणि इतर काही पत्रकारांवर गुन्हे नोंदविले गेले. त्यांत राजद्रोहाचेही कलम होते. सर्वोच्च न्यायालयाने अटकेला स्थगिती दिली.

एका चुकीसाठी राजद्रोह, हे मला अतिशय अन्यायाचे वाटते. आपली चूक दुरुस्त करणाऱ्या माणसावर जर बेड्या चालून येत असतील तर पुढचा माणूस चूक कबूल कशाला करील? तथापि त्या चुकीला मी क्षुल्लकही म्हणणार नाही. तेहतीस वर्षे मुरलेला वार्ताहर. ज्याने तेरा वर्षांपूर्वी हाती पुरावा असूनही संयम राखला, त्याने त्या दुपारी पुराव्यावाचून लिहिले. मध्यंतरी माणूस बदलला असे मला वाटत नाही. बदलले ते यंत्र. २००८ साली चित्रफीत कपाटात ठेवता येत होती, तिच्याविषयी चार जण बसून बोलू शकत होते. २०२१ साली त्याच्या खिशातल्या फोनला कपाट नव्हते, आणि त्याच्या व वाचकाच्या मध्ये पेन्सिल घेतलेला कोणी उपसंपादकही बसलेला नव्हता.

सरदेसाई अजून काम करीत आहेत. वडिलांपासून आरंभ करून अकरा क्रिकेटपटूंवर त्यांनी २०१७ मध्ये 'डेमॉक्रसीज इलेव्हन' हे पुस्तक लिहिले. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही लोकसभा निवडणुकांवर एकेक ग्रंथ लिहिला. त्यांतील तिसऱ्या निवडणुकीत आम्हा सुरतकरांनी मतदानच केले नाही. आमचा उमेदवार २२ एप्रिल २०२४ रोजी बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले आणि मतदान केंद्र म्हणून सजावयाच्या आमच्या शाळेचे वर्ग तसेच राहिले.

हे सारे मी त्या आठवीतल्या मुलाला सांगितले. अर्थात इतक्या विस्ताराने नव्हे. त्याने लक्ष देऊन ऐकले, आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "बाई, महिनाभराचा पगार म्हणजे किती?" मला सांगता आले नाही. मग मी त्याला प्रार्थनासभेत बातम्या वाचण्याचे काम दिले. अट एवढीच, की प्रत्येक बातमीखाली ती कोणी सांगितली हे वहीत लिहावयाचे, आणि ज्याने पाहिले त्याचे नाव मिळत नसेल तर तसे लिहावयाचे.

पहिल्या सोमवारी तो पाच बातम्या लिहून घेऊन आला. सभेपूर्वी माझ्याजवळ येऊन त्याने तीन खोडल्या. "एकीत मेलेले चार आहेत आणि दुसऱ्या पेपरात सात," तो म्हणाला, "आणि या दोन सगळेच सांगत होते, बाई." उरलेल्या दोन त्याने सावकाश, पट्टी न धरता वाचल्या. एक तापीच्या पाण्याच्या पातळीची होती, दुसरी शाळांच्या क्रीडास्पर्धांची. वेळ बराच उरला होता. मुले घंटा होईपर्यंत तशीच रांगेत उभी राहिली, आणि ती खिडकीजवळची मुलगी पहिल्या रांगेत होती.